घरच्या कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडपासून वाघोलीपर्यंतचे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. घाई असेल तर प्रश्न ५ आधी वाचा. सर्व्हर चालू करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, खरी मारामारी असते ती घराला बाहेरून पोचता येईल असा पत्ता आहे की नाही याची. तो नसेल तर बाकीचं कितीही नीट केलं तरी पान उघडणार नाही.

१. वेब सर्व्हरसाठी वेगळं मशीन घ्यावं लागतं का?

नाही. वेब सर्व्हर हा एक प्रोग्राम आहे. ब्राउझरने पान मागितलं की डिस्कवरची फाइल उचलून तो पाठवून देतो. जगातला पहिला वेब सर्व्हरसुद्धा सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर १९९० साली चालला. 'हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची चिठ्ठी त्यावर लाल शाईने लिहून चिकटवलेली होती. पाटी कशी लिहावी हे पुणेकरांना सांगायची गरज नाही, पण लावा मात्र नक्की. बाहेर पडताना घरातलं कुणीतरी सवयीने बोर्डावरचं बटण बंद करतं आणि तुम्ही दिवसभर राउटरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसता.

साध्या पानांसाठी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही भरपूर होतो.

२. जुना डेस्कटॉप वापरू, लॅपटॉप, की रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर)? वीजबिल किती वाढेल?

हिशोब सोपा आहे. जुना डेस्कटॉप रिकामा बसला तरी साधारण ६० वॉट घेतो असं धरा. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला ४३ युनिट. पाच वॉटच्या आसपास चालणारा रास्पबेरी पाय त्याच महिन्यात साडेतीन-पावणेचार युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. त्यामुळे तुमचा वापर आधीच नव्वदच्या घरात असेल, तर डेस्कटॉपचे बहुतेक युनिट महागाच्या टप्प्यात जाऊन पडतात.

माझं मत लॅपटॉपच्या बाजूने आहे. वीज कमी लागते आणि बॅटरी म्हणजे आयता बॅकअप. फक्त झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा आणि सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. कायम पूर्ण चार्ज ठेवलेली जुनी बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसू लागला की लॅपटॉप बंद करून बॅटरी काढायला द्या, 'बघू नंतर' नको. पाय घेतलात तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवरून चालवा. सतत लिहिणं आणि मध्येच वीज जाणं, या दोन गोष्टींनी कार्डं मरतात.

३. अपाची, एनजिनएक्स, कॅडी, झॅम्प: सुरुवात कशाने करू?

झॅम्प हा संच आहे, बाकीचे तिन्ही वेब सर्व्हरचे प्रोग्राम. फक्त बघायचं असेल तर काहीच बसवू नका. कॉम्प्युटरवर पायथन असेल तर त्यातला छोटा सर्व्हर एका ओळीच्या आज्ञेने, एरवी ८००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं क्रमांक दिलेलं दार), सुरू होतो. शिकण्यापुरता उत्तम, बाहेरच्या जगासाठी नाही.

पीएचपी शिकताय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, तर विंडोजवर झॅम्प सोपा: अपाची, डेटाबेस, पीएचपी एकत्र येतात आणि पानं 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये टाकायची. पण तो बनवलाय घरात बसून काम करण्यासाठी. सुरुवातीला त्याच्या डेटाबेसच्या मुख्य खात्याला पासवर्डच नसतो. तो तसाच इंटरनेटवर उघडा करू नये.

कायमचं चालवायचं असेल तर लिनक्सचं डेबियन किंवा उबुंटू, आणि त्यावर कॅडी. अपाची १९९५ पासून आहे, एनजिनएक्स २००४ पासून, दोन्हींबद्दल हवी तेवढी माहिती मिळते. तरी घरच्या माणसाला कॅडी बरा, कारण एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेट तो स्वतःच आणतो आणि स्वतःच नूतनीकरण करतो (प्रश्न १०).

४. माझ्या कॉम्प्युटरवर पान दिसतं, पण त्याच घरातल्या मोबाइलवर का दिसत नाही?

तुम्ही बहुतेक मोबाइलवरही 'लोकलहोस्ट' किंवा १२७.०.०.१ टाकताय. तो पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. मोबाइलवर टाकला की मोबाइल स्वतःलाच पान मागतो. कॉम्प्युटरचा घरातला पत्ता शोधा, तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, आणि तो मोबाइलवर टाका. पोर्ट ८० सोडून दुसरा असेल तर पत्त्यानंतर विसर्गासारखं चिन्ह देऊन तोही लिहा.

तरीही नाही उघडलं तर विंडोजचं फायरवॉल बघा. वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर बाहेरून आलेल्या मागण्या अडवल्या जातात. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा आणि सर्व्हरला परवानगी द्या. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोबाइल 'गेस्ट' वायफायवर असेल तरीही असंच होतं, कारण तिथून घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत.

मग राउटरमध्ये जाऊन त्या कॉम्प्युटरला घरातला पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की पत्ता बदलू शकतो आणि पुढची सगळी सेटिंगं भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतात.

५. पोर्ट फॉरवर्डिंग केलं, फायरवॉल उघडलं, व्हिडिओत दाखवलं तसं सगळं केलं. तरी बाहेरून उघडत नाही. काय चुकलं?

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेली मागणी घरातल्या कुठल्या यंत्राकडे पाठवायची हे राउटरला सांगणं. पण बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नसतो.

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. मग गूगलवर 'माझा आयपी' शोधून तिथे कोणता पत्ता दिसतो तो बघा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा, पत्ता आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालायला हवं. वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. राउटरवर १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर एक तर सीजीनॅट किंवा घरातच दोन राउटर (प्रश्न ९).

सीजीनॅट म्हणजे काय? आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते जगभरात संपत आले, म्हणून कंपन्या एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. चारशे फ्लॅटच्या सोसायटीत पोस्टाला फक्त गेटपर्यंतचा पत्ता माहीत असावा आणि फ्लॅटची यादी वॉचमनकडे असावी, तसं. तुम्ही बाहेर पत्र पाठवलंत तर उत्तर तुमच्याकडे येतं, कारण वॉचमनने नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर कुठल्या फ्लॅटकडे पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग म्हणजे तुमच्या फ्लॅटचं दार, गेट कंपनीच्या ताब्यात आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर तर जवळजवळ नेहमी हेच असतं.

पत्ता पब्लिक निघाला आणि तरीही उघडत नसेल तर एकदा ८० ऐवजी ८०८० पोर्ट वापरून बघा. काही कंपन्या घरगुती कनेक्शनवर ८० पोर्ट आत येऊच देत नाहीत.

६. सीजीनॅट निघाला. आता काय पर्याय?

पहिला, कंपनीकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागा. बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे भरून मिळतो. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला 'सर्व्हर' म्हणण्यापेक्षा 'स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४' असे नेमके शब्द वापरा, नाहीतर ते राउटर रीस्टार्ट करायला सांगतील. करारही वाचा, काही घरगुती प्लॅनमध्ये सर्व्हर चालवायला मनाई असते.

दुसरा, टनेल. तुमचा कॉम्प्युटर स्वतः बाहेर जोडणी करतो आणि लोकांच्या मागण्या त्याच जोडणीतून आत येतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. कायम चालवायच्या क्लाउडफ्लेअर टनेलला स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं विकत घेतलेलं नाव, लागतं. टेलस्केलच्या फनेलला ते लागत नाही, नाव त्यांचं मिळतं. फरक ध्यानात ठेवा: क्लाउडफ्लेअरमध्ये एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उलगडतं, म्हणजे मजकूर त्यांना वाचता येऊ शकतो. फनेलमध्ये ते तुमच्या मशीनवर उलगडतं. गणपती मंडळाच्या वर्गणीच्या पानाला याने फरक पडत नाही, घरच्या कागदपत्रांना पडतो. पब्लिक पत्ता असलेल्यांनाही मी आधी टनेलच सुचवतो.

तिसरा, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. आयपीव्ही४ सीजीनॅटमागे असूनही अनेक कनेक्शनवर खरा आयपीव्ही६ पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या मशीनसाठी वाट उघडली की सर्व्हर थेट पोचतो. जिओच्या मोबाइलवरून पान धडाक्यात उघडतं आणि ऑफिसच्या जुन्या नेटवर्कवरून उघडतच नाही, असं झालं तर कारण हेच: समोरच्याकडे आयपीव्ही६ नाही.

७. पत्ता पब्लिक आहे पण सारखा बदलतो. दरवेळी सगळ्यांना नवा पत्ता कळवू?

नको. डकडीएनएस किंवा नो-आयपीसारखी डायनॅमिक डीएनएस सेवा घ्या (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यादी). तुमच्या राउटरवरचा किंवा कॉम्प्युटरवरचा छोटा प्रोग्राम बदललेला पत्ता तिकडे कळवतो आणि नाव तेच राहतं. नो-आयपीचं फुकट नाव दर ३० दिवसांनी 'हो, वापरतोय' म्हणून कायम करावं लागतं. सीजीनॅट असेल तर यातलं काही उपयोगी नाही, कारण नाव सोसायटीच्या गेटपर्यंतच नेईल.

८. गंमत म्हणजे सगळ्यांना दिसतं, फक्त मलाच घरच्या वायफायवर माझी साइट दिसत नाही!

मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर बघा. उघडली तर सर्व्हर ठणठणीत आहे. तुम्ही घरातून बाहेरचं नाव मागता, मागणी राउटरपर्यंत जाते आणि तिथून वळून घरातच परत यायला हवी. काही स्वस्त राउटरना हे वळणं जमत नाही. राउटरमध्ये 'नॅट लूपबॅक' किंवा 'हेअरपिन' अशी सेटिंग असेल तर चालू करा. नसेल तर कॉम्प्युटरच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये तुमच्या नावापुढे घरातला पत्ता लिहा. मात्र तो लॅपटॉप बाहेर नेलात की ती ओळ उलटी अडचण करते, ती काढायची आठवण ठेवा.

९. कंपनीचा एक राउटर आणि माझा एक, असे दोन आहेत. फॉरवर्डिंग कुठे करू?

दोन्हीकडे करावं लागेल, पण त्यापेक्षा कंपनीचं यंत्र 'ब्रिज मोड'वर टाकून घ्या, म्हणजे पब्लिक पत्ता तुमच्या राउटरवर येतो. हे बहुधा कंपनीच्या माणसालाच करावं लागतं.

१०. ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो. सर्टिफिकेटला पैसे पडतात का?

नाही. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं फुकट असतात. मुदत ९० दिवसांची, म्हणून नूतनीकरण आपोआप व्हायला हवं, कॅलेंडरमध्ये आठवण लावून नाही. अपाची-एनजिनएक्ससाठी सर्टबॉट आहे, कॅडीला काहीच लागत नाही.

नेहमीची अडचण अशी: नेहमीच्या पद्धतीत नाव तुमचंच आहे का हे ८० पोर्टवर येऊन तपासलं जातं. कंपनीने तो अडवला असेल तर डीएनएसमध्ये नोंद घालून पडताळणी करायची पद्धत वापरा. १९२.१६८ सारख्या घरातल्या पत्त्यासाठी असं सर्टिफिकेट मिळत नाही, तिथली सूचना पाहून पुढे जायला हरकत नाही.

११. आमच्याकडे गुरुवारी लाइट जातात. सर्व्हरचं काय?

गुरुवार हा पुण्यात महावितरणच्या देखभाल-दुरुस्तीचा ठरलेला वार, त्यामुळे हा प्रश्न थांबणार नाही. आधी ठरवा की वीज नसतानाही साइट हवीच आहे का. मंडळाची किंवा घरची साइट दुपारभर बंद राहिली तर काही बिघडत नाही. मग एवढंच करा: डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर चालू हो' अशी सेटिंग असते ती लावा आणि सर्व्हरचा प्रोग्राम मशीन सुरू होताच आपोआप उठेल असं करा. दुसरी गोष्ट लोक विसरतात. मशीन उठतं, सर्व्हर झोपलेलाच.

चालूच हवी असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, तपकीर गल्लीत मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्या. इन्व्हर्टरवर डेस्कटॉप असेल तर वीज गेल्याच्या क्षणी तो रीस्टार्ट होतो का ते एकदा मेन स्विच पाडून तपासा. काही इन्व्हर्टर कॉम्प्युटरसाठी पुरेशा चपळाईने बदल करत नाहीत, त्यांवर 'यूपीएस मोड'चं बटण असतं.

एवढं करूनही नेट जाऊ शकतं. बऱ्याच इमारतींत कंपनीचा स्विच जिन्यात किंवा गच्चीवर असतो आणि त्याचा बॅकअप संपला की तुमच्या घरातले सगळे दिवे हिरवे असूनही बाहेरचं जग गायब. याला घरातून इलाज नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडून येतो तेव्हा मात्र मशीन बंद करून प्लग काढणं केव्हाही स्वस्त.

१२. पानावर मराठीऐवजी भलतीसलती चिन्हं दिसतात. सर्व्हरमध्ये मराठी कसं बसवायचं?

बसवायचं काही नसतं. दोन वेगळे रोग आहेत. उच्चारचिन्हांची रोमन अक्षरं रांगेने दिसत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवण्याच्या युनिकोड पद्धतीत) आहे पण ब्राउझरला ते कळलेलं नाही. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा आणि पानाच्या डोक्यात तशी नोंद करा.

साधी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं विस्कटलेली दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींत, म्हणजे सोसायटीची इतिवृत्तं, जुने विशेषांक यांत, असंच होतं. तिथे अक्षरं फक्त फाँटच्या जोरावर मराठी दिसत होती. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि मग डोळ्यांनी वाचून तपासा, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

फाइलींची नावं मात्र रोमन ठेवा. मराठी नाव चालतं, पण दुवा कॉपी केला की एकेका अक्षर-मात्रेची नऊ चिन्हं होतात. 'पुणे' एवढ्या शब्दाची ३६.

१३. डोमेनचं नाव मराठीत घेता येतं का?

येतं. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. आतून ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक नावात बदलतं आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तेच लिहावं लागतं. मी सोबत एक साधं '.इन'ही घ्यायला सांगेन, कारण फोनवर पत्ता सांगताना ऱ्हस्व-दीर्घावरून वाद होतात.

१४. मंडळाच्या मिरवणुकीचे फोटो टाकायचेत. शंभर लोक एकदम आले तर कॉम्प्युटर बसेल का?

कॉम्प्युटर नाही बसणार, अपलोड बसेल. समजा पानावर मोबाइलचे २० फोटो आहेत, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे १०० एमबी. तुमचा अपलोड ५० एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वासहा एमबी जातात, एका माणसाला १६ सेकंद. विसर्जनाच्या रात्री शंभर जणांनी एकदम उघडलं तर सगळ्यांना मिळायला जवळजवळ अर्धा तास. तेच फोटो २०० केबीपर्यंत लहान केले तर शंभर जणांचं काम मिनिटभरात होतं. व्हिडिओ यूट्यूबवर टाका आणि इथे फक्त दुवा द्या.

कनेक्शनची जाहिरात डाउनलोडची असते. अपलोड किती मिळतो ते स्वतः मोजा.

१५. लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून वर्डप्रेसचं लॉगिन पान मागितलेलं दिसतं. माझ्याकडे वर्डप्रेसच नाही! हॅक झालं का?

नाही. पोर्ट उघडला की यंत्रं लगेच दारं ठोठावायला लागतात, तुमच्यावर कुणाची खास नजर आहे असं नाही. उत्तरापुढे ४०४ ('असं पान नाही') असेल तर सोडून द्या. तुम्ही न ठेवलेल्या पानाला २०० ('हे घे पान') गेलं असेल तर मात्र लगेच बघा.

काळजी दुसऱ्या गोष्टींची करा. सर्व्हरचा फोल्डर 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवू नका. आधार-पॅनच्या स्कॅनसकट अख्खा फोल्डर जगाला दाखवणं एका चुकीच्या ओळीने होतं. फोल्डरची यादी दाखवणं बंद करा. ८० आणि एचटीटीपीएसचा ४४३ सोडून काही उघडू नका. ३३८९, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, तर अजिबात नाही. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, यूपीएनपी (यंत्रांनी आपोआप पोर्ट उघडण्याची सोय) बंद करा. दुरून काम करायचं तर एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सुरक्षित सोय) पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलवर चालवा. अपडेट आपोआप होऊ द्या. राउटरमध्ये सोय असेल तर सर्व्हर घरच्या बाकी यंत्रांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. आणि फायलींची एक प्रत घराबाहेर असू द्या.

१६. आजोबांच्या संग्रहातली जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक स्कॅन करून ठेवू का?

घरात वाचायला ठेवा. बाहेर उघडं करताना भारतात नियम असा: लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२६ ला मुक्त झालं. दिवाळी अंकात अनेक लेखक आणि चित्रकार असतात, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. पुस्तक जुनं दिसतं म्हणून मुक्त होत नाही.

१७. पीजीच्या वायफायवर, हॉस्टेलवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का?

पीजी आणि हॉस्टेलमध्ये राउटर तुमच्या हाती नाही, त्यामुळे फक्त टनेल (प्रश्न ६), तोही मालकाला किंवा रेक्टरना विचारून. ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही.

१८. दुकानाच्या ऑर्डरी घेणारी साइट घरून चालवू का? होस्टिंगचे पैसे वाचतील.

नको. साइट बंद पडल्यावर दुसऱ्याचं नुकसान होणार असेल, किंवा ग्राहकांचे फोन आणि पत्ते साठवायचे असतील, तर होस्टिंग घ्या. घरी बनवा, तपासा आणि तयार झालं की तिकडे हलवा. स्वतःची, मंडळाची, शिकण्याची साइट घरून खुशाल चालवा.

१९. मग ईमेल सर्व्हरही घरीच?

नाही. घरगुती पत्त्यांवरून आलेली पत्रं मोठ्या सेवा बहुतेक नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात, आणि २५ पोर्ट अनेक ठिकाणी बंद असतो.

२०. कंटाळा आला, सर्व्हर बंद करतोय. फक्त मशीन बंद केलं की झालं ना?

नाही, उलट क्रमाने सगळं काढा. आधी राउटरमधलं फॉरवर्डिंग आणि आयपीव्ही६ ची वाट, नाहीतर उद्या त्याच घरातल्या पत्त्यावर मुलांचा लॅपटॉप आला की तो उघडा पडतो. मग टनेल. मग डीएनएसमधली नोंद. ती राहिली आणि तुमचा बदलता पत्ता कंपनीने दुसऱ्या ग्राहकाला दिला, तर तुमच्या नावाने लोक त्या परक्या घराच्या राउटरवर जाऊन धडकतात. डोमेनचं आपोआप नूतनीकरण चालू असेल तर तेही थांबवा, पण त्या नावावर ईमेल चालत असेल तर नाव सोडू नका: सुटलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो आणि तुमच्या बँकेची पत्रं त्याच्याकडे जायला लागतात.